दोन फेऱ्यांच्या मधलं गरवणं

गरवण्याचं, म्हणजे गळाने मासे पकडण्याचं, सामान पाण्यावर झिजतं त्यापेक्षा घरात जास्त झिजतं. मोठा मासा ओढताना रॉड मोडल्याचे किस्से पुष्कळ ऐकायला मिळतात, पण खरा हिशेब मांडला तर रॉडचे शत्रू म्हणजे आपटणारं दार, गाडीची डिकी आणि छताचा पंखा. गरी, म्हणजे गळाचा आकडा, दगडावर बोथट होते, गंजते मात्र डब्यात. तंगूस, म्हणजे गरवण्याची दोरी, माशाने तोडला असं आपण चारचौघांत सांगतो. त्या तंगुसात खिडकीतल्या उन्हाने आधीच काही राखलेलं नसतं. आणि मऊ प्लॅस्टिकची आमिषं तर कुणी हातही न लावता, बंद डब्यात, एकमेकांना चिकटून विरघळतात.

कपाटात ठेवलेली वस्तू ठेवली तशीच राहते, हा आपला गोड गैरसमज. मीठ तिथेही ओल खेचत असतं. ड्रॅग, म्हणजे सुटणाऱ्या दोरीला आवरणारा रिळातला ब्रेक, आवळून ठेवला की त्याच्या चकत्या दबत असतात. रिळावर गुंडाळलेला तंगूस रिळाची गोलाई अंगी बाणवत असतो. आपण दमून झोपलो म्हणून सामान झोपत नाही. गरवायला जायचे दिवस थोडे आणि मधले दिवस भरपूर, हे ज्याच्या त्याच्या नशिबात असतंच, त्यामुळे सामानाचं बहुतेक आयुष्य या मधल्या दिवसांतच जातं. काहीजणांना या दिवसांतलं काम शिक्षा वाटतं. मला ते आवडतं. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरायचं, रीळ, डबे, पक्कड, चिंध्या, मऊ ब्रश काढायचा आणि बसायचं. यात मासा लागत नाही, पण सुटतही नाही.

खाऱ्या पाण्यावरून आलं की पहिला मान मिठाचा. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतलंच पाणी ओढून त्यात स्वतः विरघळतं. समुद्राचं मीठ त्याहून वस्ताद. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, आणि ते याच्या निम्म्या आर्द्रतेतसुद्धा ओलं राहू शकतं. म्हणजे रॉड कोरडा दिसतो, हाताला कोरडा लागतो, आणि दोरी ओवायच्या रिंगांच्या पायाशी खारट ओलीचा थर आपलं काम करत बसलेला असतो. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ पापुद्र्यामुळे. क्लोराइड नेमका तोच पापुद्रा ठिकठिकाणी फोडतं. टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो आणि वर फारसं काही न दिसता आत खोल जातो. कार्बनच्या रॉडची आणखी एक भानगड आहे. कार्बनमधून वीज वाहते. त्याचा ॲल्युमिनियमच्या भागाशी संबंध आला आणि मध्ये खारं पाणी साचलं की तिथे छोटासा विद्युतघट तयार होतो, त्यात बळी जातो तो ॲल्युमिनियमचा. रीळ बसवायच्या जागेभोवती पांढरी पूड दिसली तर ते नुसतं मीठच असेल असं समजू नये.

उपाय साधा आहे: गोडं पाणी, त्याच दिवशी. पण पाण्याचा मारा नको. नळीच्या जोरदार फवाऱ्याने सामान स्वच्छ झाल्याचं समाधान मिळतं खरं, मात्र तोच जोर बाहेरचं मीठ बेअरिंगच्या आत नेऊन बसवतो. रीळ बादलीत बुडवून ठेवणारे तर त्याला खारट आंघोळच घालत असतात, कारण धुतलेलं मीठ त्याच पाण्यात राहतं. वरून हलकी धार सोडावी, हँडल थोडं फिरवावं, झटकावं, फडक्याने टिपावं आणि सावलीत वाऱ्यावर ठेवून द्यावं. धुण्यापूर्वी ड्रॅगची कळ घट्ट करायची, म्हणजे पाणी आतल्या वॉशरपर्यंत पोचत नाही. वाळल्यावर तीच कळ पूर्ण सैल करायची. या दुसऱ्या अर्ध्याचा लोकांना हमखास विसर पडतो. वॉशर फेल्टच्या असोत वा कार्बनच्या, महिनोन्‌महिने आवळून ठेवल्या की एकमेकींना धरून बसतात. मग पुढच्या वेळी मासा पळायला लागतो तेव्हा ड्रॅग आधी अडतो आणि मग झटक्याने सुटतो. तो पहिला झटकाच गाठ खाऊन टाकतो.

तेल आणि ग्रीस यांच्या बाबतीत हात आखडता असावा. दातेरी चाकांना ग्रीस, बेअरिंगला तेल, आणि तेही एकेक थेंब. जास्तीचं तेल धूळ आणि वाळू गोळा करतं, वर स्पूलपर्यंत, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चाकापर्यंत, वाहून फेल्टच्या वॉशरमध्ये मुरतं आणि ड्रॅग निकामी करतं. स्पिनिंग रिळात सगळ्यात आधी दगा देतं ते तारेच्या टोकाचं चिमुकलं चाक, ज्यावरून दोरी वळते. दोरी खारं पाणी ओढून आणते ती थेट त्याच्यावर. ते फिरेनासं झालं की दोरी एकाच जागी घासायला लागते आणि आपण मात्र दोरीच्या नावाने खडे फोडतो. बोटाने फिरवून पाहायला क्षणही लागत नाही. दरवेळी अख्खं रीळ खोलून टेबलभर मांडणारेही मी पाहिलेत. त्यांच्या हौसेला नमस्कार. पण रीळ उलटं फिरू न देणाऱ्या अँटी-रिव्हर्सची स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली की ती हौस तिच्यामागे गुडघ्यांवर रांगते. ज्याची जोडणी आपल्याला येते तेवढंच खोलावं.

रॉडकडे लोक रिळापेक्षा कमी पाहतात, कारण त्यात फिरणारं काही नसतं. पाहायला सुरुवात रिंगांपासून करावी. रिंगेच्या आतलं कडं बहुधा सिलिकॉन कार्बाइडचं किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचं असतं. भयंकर कठीण आणि तितकंच ठिसूळ. त्याला गेलेली केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही, दोरीला मात्र ती प्रत्येक फेकीत भेटते. कापसाचा बोळा आतून फिरवावा. एखादा तंतू अडकून राहिला की चोर सापडला. या चिरा पडतात कशाने? पुष्कळदा चालताना लुअर, म्हणजे बनावट आमिष, लोंबू नये म्हणून गरी थेट रिंगेत अडकवण्याच्या सवयीने. रॉडच्या मुठीपाशी त्यासाठी वेगळा आकडा असतो. तो नसेल तर गरी रिंगेच्या धातूच्या पायात अडकवावी, आतल्या कड्यात कधीही नाही.

मग रॉडची नळी. 1970च्या दशकात कार्बनचे रॉड बाजारात आले आणि वजन एकदम उतरलं. हे रॉड वाकायला धीट आहेत, टोले खायला नाहीत. फेकताना जड जिग, म्हणजे वजन जोडलेली गरी, रॉडवर आपटली, होडीच्या काठावर रॉड जोरात टेकला, की आतले तंतू तिथे दुखावतात. वरून वार्निशवर एखादा ओरखडा, कधी तोही नाही. पुढच्या फेरीत मध्यम माशावर रॉड कडकन जातो आणि दोष माशावर किंवा बनवणाऱ्यावर ढकलला जातो. म्हणून पुसताना फडकं बाजूला ठेवून नखाने पूर्ण लांबी चाचपावी. नख जिथे अडेल तिथे उजेडात पाहावं. जोडाच्या नर टोकावर साध्या मेणबत्तीचं मेण हलकं घासलं तर जोड घट्ट बसतो आणि सुटतोही. तिथे तेल लावू नये, तेलाने जोड सरकतो. आणि रॉड जोडलेला तसाच महिनोन्‌महिने ठेवला तर दोन्ही भाग एकमेकांना असे धरतात की सोडवायला दोन माणसं लागतात. ओल्या कापडी पिशवीत घालून नळकांड्याचं झाकण लावणं हा रॉड मारण्याचा सगळ्यात सभ्य मार्ग. आत ओल कोंडते, वार्निशला फोड येतात, रिंगांचे पाय हिरवे-तांबडे होतात. पिशवी आधी वाळवावी, रॉड आधी वाळवावा, झाकण शेवटी.

हे सगळं बांबूच्या रॉडला दुप्पट लागू होतं. चिरलेल्या बांबूचा रॉड बहुधा सहा पट्ट्यांचा असतो; प्रत्येक पट्टी त्रिकोणी तासलेली आणि सहाही एकत्र चिकटवून षट्कोन साधलेला. त्यासाठी जगभरचे कारागीर दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातला टोंकिन बांबू पसंत करत आले, कारण त्याचे बाहेरचे तंतू दाट आणि सरळ असतात. 1950 साली अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, तिथल्या कारागिरांचा हा बांबू तुटला आणि काचतंतूच्या रॉडांचं फावलं. आजही ज्यांच्याकडे बांबूचा रॉड आहे ते तो भिंतीला टेकवून ठेवत नाहीत. टेकवलेला बांबू हळूहळू त्याच बाजूला कलतो आणि मग तो कल जात नाही. पिशवीसकट खुंटीला उभा टांगणं हेच बरं. ओला राहिला तर वार्निशच्या फटीतून पाणी आत शिरतं, आणि जुन्या रॉडांतला सरस पाण्याला फार काळ तोंड देऊ शकत नाही. माझं मत विचाराल तर बांबूचा रॉड गरवण्यापेक्षा माणसाला शिस्त लावण्यासाठीच बनवला असावा.

दोरीचं प्रत्येक जातीचं दुखणं निराळं. नायलॉनचा तंगूस पाणी पितो, फुगतो आणि भिजल्यावर थोडा कमजोर होतो. वाळला की बराचसा सावरतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी झालेलं नुकसान मात्र भरून येत नाही. म्हणून तो अंधारात, थंड जागी. फ्लुओरोकार्बन पाणी जवळपास पीतच नाही आणि उन्हालाही दाद देत नाही, पण ताठ असतो; कोरडी गाठ आवळली की घर्षणाच्या उष्णतेने स्वतःलाच कापतो. विणलेली दोरी पॉलिथिलीनच्या अतिशय बारीक तंतूंची. पाण्यावर तरंगते, ताणत नाही, रिळाचा आकार लक्षात ठेवत नाही, आणि रंग उडाला तरी ताकदीला फारसं काही होत नाही. तिची कटकट म्हणजे धाग्याधाग्यांत मीठ आणि वाळूचे कण धरून ठेवते. खाऱ्या पाण्यानंतर वरचे काही फेरे धुऊन, वाळवून परत गुंडाळावेत. टोकाकडचा भाग केसाळ झाला तर अख्खी दोरी फेकून देणारे लोक आहेत. खरं तर ती उलटी गुंडाळली की तळाशी कधी पाणीही न पाहिलेली दोरी वर येते आणि पुढची काही वर्षं निघतात.

आता मऊ आमिषं. डब्यात सगळ्यात जास्त नाटक इथे घडतं. ही आमिषं बहुधा पीव्हीसीची असतात. पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊ आणि लवचीक करण्यासाठी भरपूर प्लॅस्टिसायझर, म्हणजे तेलकट द्रव मिसळलेला असतो. तो कायमचा बांधलेला नसतो, संधी मिळाली की शेजाऱ्याच्या अंगात शिरतो. शेजारी पॉलिस्टायरीनचा कडक लुअर किंवा तशाच प्लॅस्टिकचा डबा असेल तर त्याचा पृष्ठभाग वितळून चिकट होतो. शेजारी दुसऱ्या रंगाचं आमिष असेल तर काळ्याचा रंग पांढऱ्यात उतरतो आणि दोन्ही आमिषं मासे न विचारणाऱ्या एकाच राखाडी रंगाची होतात. अलीकडे खूप ताणली जाणारी, तुटता न तुटणारी आमिषं मिळतात. ती वेगळ्या जातीच्या थर्मोप्लास्टिक रबराची असतात. ती पीव्हीसीच्या सोबत ठेवली की दोघांचा लगदा होतो, आणि तो डब्याच्या कोपऱ्यातून खरवडून काढणं हे कुणाही शत्रूच्या वाट्याला येऊ नये असं काम आहे. आमिषं ज्या पिशवीतून आली त्याच पिशवीत ठेवावीत. पिशवीतलं तेल पुसून टाकायची हौस करू नये, ते मुद्दाम घातलेलं असतं. शेपट्या दुमडून ठेवू नयेत. दुमडलेली शेपटी तशीच वळते आणि मग पाण्यात थरथरत नाही. आणि डास पळवण्याचं डीईईटीवालं मलम लावलेल्या हातांनी यातल्या कशालाही शिवू नये. ते कित्येक प्लॅस्टिकं आणि वार्निश नुसत्या स्पर्शाने विरघळवतं.

कडक लुअरची गोष्ट वेगळी. फिनलंडच्या लॉरी रापाला यांनी 1936 साली बुचाच्या लाकडातून लुअर कोरला, त्यावर चमक यावी म्हणून चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वर छायाचित्रांच्या निगेटिव्ह वितळवून केलेला थर दिला. जखमी मासा लटपटत जातो ती चाल त्यांना हवी होती. त्या चालीचा जीव लाकडाच्या हलकेपणात आहे, आणि हलकेपणा टिकतो वरच्या थरामुळे. बाल्सा लाकडाच्या लुअरला दातांनी भोक पाडलं की तिथून पाणी शिरतं, लुअर जड होतो आणि ती लटपट हरवते. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. दोन सारखे लुअर हातावर तोलून पाहिले तर कळतं. भोक दिसलं की आधी पूर्ण वाळू द्यावं, घाईने वर लेप लावला तर ओल आतच कोंडते. नंतर इपॉक्सीचा किंवा नेलपॉलिशचा थेंब पुरतो. दातांचे ओरखडे मात्र मी रंगवत नाही. तेवढीच त्या लुअरची कमाई.

कधी लुअर ओढताना एका बाजूला पळतो. डावीकडे पळत असेल तर नाकाची कडी चिमट्याने किंचित उजवीकडे वाकवायची. किंचित म्हणजे वाकवली की नाही अशी शंका यावी इतकीच. हे काम घरी अर्धंच होतं, उरलेलं पाण्यात पाहून. स्पूनबद्दल फार काही सांगायचं नाही. 1852 साली अमेरिकेत ज्युलिओ ब्युएल यांनी त्याचं पेटंट घेतलं तेव्हापासून तो तसाच आहे: वाकवलेला धातूचा पत्रा आणि गरी. पुसला, झालं.

गरीची परीक्षा अंगठ्याच्या नखावर. टोक नखावर टेकवून अलगद ओढायचं. रुतलं तर धार आहे, घसरलं तर नाही. जाड गरीला बारीक कानशीने टोकाच्या दिशेने दोनचार हात दिले तर ती पुन्हा कामाला लागते. आम्लाच्या प्रक्रियेने धार काढलेल्या बारीक गऱ्यांना कानस लावण्यात फारसा अर्थ नसतो, त्या बदलाव्यात. बदलताना वजन मात्र तेच हवं. पाण्यात अधांतरी थांबणाऱ्या लुअरला एक नंबर मोठी तिहेरी गरी लावली की तो थांबायचं सोडून बुडायला लागतो. ओली गरी डब्यात परत ठेवणं हा तर साऱ्या डब्यावर अन्याय. एका गरीची ओल बंद झाकणाखाली सगळ्यांची होते. सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावी, पण ती पुडीही पाणी पिऊन तुडुंब होते. रंग बदलणारे दाणे असतील तर लगेच कळतं, आणि गरम करून वाळवले की ते पुन्हा कामाचे होतात. वर्षानुवर्षं तीच पुडी पडून असेल तर तिचा उपयोग फक्त जागा अडवण्यापुरता.

पिसांच्या आणि हरणाच्या केसांच्या माशा, म्हणजे किड्यांसारखी दिसणारी आमिषं, बांधणाऱ्यांना कसरीची वेगळी धास्ती. कपड्यांच्या पतंगांच्या अळ्या केरॅटिन खातात, आणि पीस म्हणजे केरॅटिनच. लगेच नॅप्थलीनच्या गोळ्यांकडे हात जातो. पण त्यांची वाफ पॉलिस्टायरीनच्या डब्यांना मऊ पाडते. कसर दिसली तर त्या माशा घट्ट पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर दोनेक आठवडे ठेवाव्यात. घरातल्यांना पिशवीत काय आहे ते आधी सांगून ठेवलेलं बरं.

वाळवणं फक्त आपल्या सामानासाठी नसतं. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना बूट, जाळी आणि दोरी यांच्यातून सूक्ष्म जीवही प्रवास करतात. न्यूझीलंडच्या नद्यांत 2004 साली डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. ते ओल्या सामानातून पसरतं, आणि फेल्टच्या तळव्यांचे बूट लवकर वाळत नाहीत म्हणून 2008 मध्ये तिथे गरवणाऱ्यांना तसे बूट वापरायलाच बंदी झाली. आपलं पाणी कुठलंही असो, हाताला कोरडं लागल्यावरही बूट आणि जाळी आणखी दोन दिवस तशीच उघडी ठेवलेली बरी.

तयारीचा भाग मात्र मी फार आधी करत नाही. फेरीहून आल्यावर धुणं-पुसणं त्याच संध्याकाळी, आणि निवड निघण्याच्या आदल्या दिवशी. माझा एक सोबती सगळे डबे घेऊन निघतो. "सगळे घे रे, काय जागा खातात का ते?" जागेचा प्रश्न नाही, मी त्याला म्हणतो, पाण्याचा आहे. काठावर डबा एकदा ओल्या हाताने उघडला की आतला प्रत्येक लुअर खारा झाला, मग तो पाण्यात गेला असो वा नसो. परत आल्यावर सगळे धुवायचे. तो धूत नाही, हे त्याच्या गऱ्यांकडे पाहून कळतं. मी एकच डबा नेतो. वरच्या पाण्यातले थोडे, मधल्या पाण्यातले थोडे, तळाशी जाणारे थोडे, रंगांत एक उजळ आणि एक काळसर. यात न बसणारा पण सोडवतही नाही असा एखादा तरी असतोच, आणि तोही जातो.

मागची गाठ कधी परत वापरत नाही. दोरीचं टोक दोन बोटांत धरून ओढत न्यायचं, जिथे खरखर लागेल तिथवर कापायचं, मग नवी गाठ, थुंकीने भिजवून सावकाश आवळलेली. कापलेल्या तंगुसाचे बोटभर तुकडे करून मगच ते कचऱ्यात टाकावेत, कारण लांब तुकडा बाहेर गेला की पक्ष्यांच्या पायांत गुंततो. विणलेल्या दोरीला धारदार कात्री लागते. ती कात्री घरात कुणी कागद कापायला नेली की पुढच्या खेपेला गाठीची शेपटी दातांनी तोडायची वेळ येते, आणि विणलेली दोरी दातांनी तुटत नाही.